आधी कुलूप, मग लिपी, मग फॉरमॅट: मराठी ई-पुस्तक आपल्या ई-रीडरवर नीट कसं चढवायचं

‘ई-रीडर घेतला, पण त्यावर मराठी पुस्तक काही उघडेना,’ असं म्हणत येणाऱ्या बहुतेकांनी एक उद्योग आधीच करून ठेवलेला असतो. नेटवर सापडलेल्या पहिल्या कन्व्हर्टरमध्ये फाइल टाकलेली असते. मग पडद्यावर एकतर चौकोन दिसतात, नाहीतर इंग्रजी अक्षरांची खिचडी, नाहीतर काहीच नाही. त्यावर दुसरा कन्व्हर्टर शोधला जातो, मग तिसरा.

इथे चूक कन्व्हर्टरची नाही, क्रमाची आहे. फॉरमॅट हा तिसरा प्रश्न. त्याआधी फाइलला कुलूप आहे का ते बघायचं आणि मग आतली मराठी खरोखर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणाऱ्या अक्षर-संकेतात, आहे का ते बघायचं. ही दोन उत्तरं हातात असली की फॉरमॅट बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. ती नसतील तर अख्खा रविवार घालवूनही पुस्तक उघडणार नाही.

खालचे टप्पे किंडल, कोबो, पॉकेटबुक आणि बूक्स या चारही घराण्यांना लागू पडतात. काम कॉम्प्युटरवर करा. नुसत्या मोबाइलवर यातलं निम्मंच जमतं.

## टप्पा १: तयारी

केबल. डबड्यात पडलेली कुठलीही केबल चालेल असं समजू नका. कित्येक स्वस्त केबलींमधून फक्त चार्जिंग होतं, फाइल जात नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत असो की लक्ष्मीपुरीत, दुकानदाराला ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगा. ई-रीडर जोडल्यावर कॉम्प्युटरवर त्याचं नाव दिसलं तर केबल ठीक. दिसलं नाही तर रीडर बिघडला असं ठरवण्याआधी केबल बदलून बघा. २०२४ मध्ये आलेली किंडल पेनड्राइव्हसारखी जोडली जात नाहीत, मोबाइलसारखी जोडली जातात. विंडोजवर त्यानं फरक पडत नाही, मॅकवर मात्र वेगळं ॲप लागतं.

कॅलिबर. ई-पुस्तकं उघडायला आणि त्यांचा फॉरमॅट बदलायला कोविद गोयल यांनी बनवलेला हा प्रोग्राम फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याच्याच संकेतस्थळावरून घ्या. ऑनलाइन कन्व्हर्टरपेक्षा तो बरा, कारण फाइल तुमच्याकडेच राहते आणि काय बिघडलं ते दिसतं.

खातं कुणाचं? कोल्हापुरात किंडल बरेचदा अमेरिकेतल्या भाच्याकडून किंवा मुलीकडून भेट म्हणून येतं. ते तिकडच्या खात्यावर नोंदलेलं असतं. मग इथे ॲमेझॉन इंडियावर घेतलेलं पुस्तक त्यावर उतरत नाही आणि आपण फॉरमॅटला शिव्या घालत बसतो. रीडरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वर कुणाचं नाव आहे ते आधी वाचा. दुसऱ्याचं असेल तर नोंदणी रद्द करून आपल्या खात्यावर करा.

> सावधान: नोंदणी रद्द केली की आधीच्या खात्यावरची पुस्तकं त्या रीडरवरून जातात. भाच्याला एक फोन करून मगच बटण दाबा.

दोन फोल्डर. एकाला ‘मूळ’ नाव द्या, दुसऱ्याला ‘काम’. आलेली फाइल ‘मूळ’मध्ये ठेवायची आणि तिला परत हात लावायचा नाही. तिची प्रत ‘काम’मध्ये घ्यायची. कामाच्या फाइलचं नाव रोमन लिपीत, छोटं आणि मोकळ्या जागा न सोडता ठेवा. पुस्तकाचं देवनागरी शीर्षक आत मेटाडेटात, म्हणजे पुस्तकाच्या माहितीच्या नोंदीत जातं, फाइलच्या नावात त्याची गरज नसते.

## टप्पा २: कुलूप आहे का?

ई-पुस्तकाच्या कुलपाला डीआरएम म्हणतात. फाइलच्या नावाशेवटी ईपब (ई-पुस्तकांचा सर्वसाधारण फॉरमॅट) असलं म्हणजे ती मोकळी असं नाही. कुलूपबंद ईपब असते आणि किंडलच्या फॉरमॅटमधलं मोकळं एझेडडब्ल्यू३ही असतं. म्हणून शेपटीवरून अंदाज न बांधता पुस्तक कुठून आलं ते विचारा.

ॲमेझॉनवरून घेतलेलं. बहुतेक पुस्तकं तुमच्या खात्याला बांधलेली असतात. ती किंडलवर किंवा किंडलच्या ॲपमध्ये वाचायची, कोबोवर न्यायची नाहीत. खरेदी केलेलं पुस्तक पूर्वी कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं किंडलमध्ये घालता येत होतं. ती सोय ॲमेझॉननं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्याआधी लिहिलेले आणि ‘इथे क्लिक करून उतरवा’ सांगणारे लेख आता उपयोगाचे नाहीत. काही प्रकाशक स्वतःहून कुलूप लावत नाहीत आणि तसं पुस्तकाच्या पानावर लिहितात. घेण्याआधी ते वाचा.

गूगल प्ले बुक्स, कोबो आणि काही परदेशी दुकानं. इथे बहुधा ॲडोबीचं कुलूप असतं. पुस्तक उतरवायला गेलं की हातात काही केबींची एसीएसएम नावाची फाइल पडते. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. ही फाइल म्हणजे पुस्तक नव्हे, पिक्चरचं तिकीट आहे. ती कॅलिबरमध्ये टाकून किंवा नाव बदलून काही होत नाही. ‘ॲडोबी डिजिटल एडिशन्स’ या फुकट प्रोग्राममध्ये ती उघडली की खरी ईपब किंवा पीडीएफ उतरते. गूगलच्या ज्या पुस्तकांना कुलूप नसतं त्यांची थेट ईपब किंवा पीडीएफ मिळते.

बुकगंगा. इथली मराठी ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. मोबाइलवर किंवा टॅबवर ती आरामात वाचता येतात. साध्या किंडलवर नेण्याचा विचार सोडून द्या.

ॲपल बुक्स. ॲपलच्या दुकानातलं कुलूपबंद पुस्तक ॲपलच्या यंत्रांवरच चालतं. विषय संपला.

मोकळी पुस्तकं. मराठी विकिस्रोत थेट ईपब देतं. ई साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्याकडे विनामूल्य पुस्तकं आहेत, बहुतेक पीडीएफ. स्वतः लिहिलेलं, मित्रानं पाठवलेलं किंवा संस्थेच्या स्मरणिकेचं लिखाणही यातच आलं.

तपासणी: फाइल कॅलिबरमध्ये टाका आणि उघडून बघा. कुलूप असेल तर कॅलिबर डीआरएमचं नाव घेऊन सरळ नकार देतं. असा नकार आला की रूपांतराचा नाद तिथेच सोडा. त्या पुस्तकासाठी दुकानानं दिलेलं ॲप किंवा यंत्र हाच मार्ग.

कुलूप तोडणारी साधनं नेटवर सापडतात, पण ती या लेखात नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्यात काही अपवाद आहेत, पण ‘पैसे मी दिलेत’ एवढ्या एका वाक्यावर विसंबून राहू नये. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफना कुलूप नसतं हे खरं, पण म्हणून त्या आपल्या होत नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क टिकतो.

## टप्पा ३: आतली मराठी खरी आहे का?

मराठी वाचकांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. इंग्रजी मार्गदर्शक लेखांत हा टप्पाच नसतो, त्यामुळे ते वाचून काम करणारा इथे हमखास आपटतो.

कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या डीटीपी केंद्रात जुळवलेली स्मरणिका, कवितासंग्रह किंवा दिवाळी अंक घ्या. पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या नाहीतर तशाच जुन्या फाँटात ते केलेलं असण्याची शक्यता मोठी. या फाँटांमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. त्यांच्या जागी मराठी आकार रंगवलेले असतात, एवढंच. पीडीएफमध्ये फाँट सोबत भरलेला असतो म्हणून पान झकास दिसतं. ईपब करताना तो फाँट गळतो आणि उघडी इंग्रजी अक्षरं मागे राहतात. खिचडी येते ती अशी.

### ३.१ चिकटवून बघण्याची चाचणी

पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. चारपैकी एक गोष्ट होईल.

१. ओळ जशीच्या तशी मराठीत आली. उत्तम, मजकूर वर्डमध्ये घ्या आणि टप्पा ४ वर जा.

२. मराठी आली पण मोडलेली. वेलांटी भलत्याच अक्षरावर, रफार गायब, जोडाक्षरं सुटी. मजकूर युनिकोडच आहे, पण पीडीएफ अक्षरांचा क्रम नीट जपत नाही. अशा पीडीएफवरून ईपब करू नका, मूळ वर्ड फाइल मागा.

३. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली. जुना फाँट.

४. ओळ निवडताच आली नाही. पान स्कॅन केलेलं आहे, म्हणजे तो फोटो आहे.

पक्की खात्री करायची असेल तर पीडीएफ रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून फाँटची यादी बघा. श्री-देव आणि पुढे आकडा, डीव्हीबी-टीटी, कृतीदेव अशी नावं दिसली तर जुना फाँट. मंगल, कोकिळा, निर्मला, मुक्ता, नोटो अशी दिसली तर युनिकोड. ही नावं लिहून ठेवा, पुढच्या पायरीला लागतात.

### ३.२ जुन्या फाँटची पीडीएफ असेल तर

डीटीपीवाल्याकडे जाऊन ‘ईपब करून द्या’ म्हणू नका. तो तीच पीडीएफ एखाद्या कन्व्हर्टरमधून काढून देईल आणि पैसेही घेईल. ‘मूळ फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून वर्डमध्ये द्या,’ असं सांगा. श्रीलिपीवाल्यांकडे रूपांतराची सोय असते. इतर फाँटांसाठी वेगळे कन्व्हर्टर आहेत, फक्त फाँटचं नाव तंतोतंत निवडावं लागतं. म्हणून ते मघाशी लिहून घ्यायचं होतं.

> सावधान: रूपांतर झालेला मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. शंभर टक्के बरोबर रूपांतर होत नाही.

वाचताना या जागा मुद्दाम बघा:

- ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र. काही कन्व्हर्टर त्याचा रफार करून ‘दर्या’ बनवतात आणि डोंगरातली दरी समुद्रात जाते. काही जण र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. दिसायला ते ठीक असतं, पण रीडरवर शब्द शोधला की सापडत नाही.
- ‘ॲ’. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आलं. जुन्या मजकुरात ‘अ’ला वरून चंद्र लावून काम भागवलेलं असतं आणि बऱ्याच यंत्रांवर तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. वर्डमध्ये शोधा-बदला करून सगळीकडे एकच अक्षर करा.
- रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की त्यातला एक शेजारी सरकतो.
- आकडे. जुन्या फाँटात मराठी आकड्यांच्या जागी कधी अवतरणचिन्हं येतात.

पुस्तक दोनशे पानांचं असेल आणि तुम्हाला फक्त एकदाच वाचायचं असेल तर हा खटाटोप करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी ३.४ बघा.

### ३.३ स्कॅन असेल तर

गूगल ड्राइव्हवर फाइल चढवा आणि ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ निवडा. चित्रातली मराठी अक्षरं ओळखून ते मजकूर देतं. मोठी फाइल एका दमात होत नाही, थोड्या थोड्या पानांचे तुकडे करा. टेसरॅक्ट नावाचा फुकट प्रोग्रामही मराठी ओळखतो, पण त्याला हात लावण्याची तयारी हवी. दोन्हीकडे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते. पानाच्या वरचं प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा मजकुरात मधेच घुसतो, तो काढावा लागतो.

### ३.४ मजकूर न बदलता वाचायचं असेल तर

के२पीडीएफऑप्ट नावाचा फुकट प्रोग्राम पानावरचे शब्द चित्रं म्हणून कापतो आणि लहान पडद्याच्या रुंदीत पुन्हा मांडतो. तो अक्षरं वाचतच नाही, त्यामुळे फाँट जुना असो की पान स्कॅन केलेलं, त्याला फरक पडत नाही. शिरोरेषेमुळे मराठी शब्द सहसा मधे तुटत नाही. आधी पाच पानांवर करून बघा. तिरक्या स्कॅनवर आणि दोन रकान्यांच्या दिवाळी अंकावर सेटिंग बदलावी लागते. अक्षरांचा आकार नंतर रीडरवर बदलता येत नाही आणि शब्द शोधता येत नाही, हा तोटा.

## टप्पा ४: आता फॉरमॅट

इथवर नीट आलात तर हातात युनिकोड मजकूर असलेली वर्ड फाइल आहे, नाहीतर मोकळी ईपब. कुठल्या यंत्राला काय द्यायचं ते असं:

किंडल: ई-मेलनं किंवा वेबवरून पाठवणार असाल तर ईपब. केबलनं घालणार असाल तर एझेडडब्ल्यू३. मोबी विसरा. तो जुना आहे, त्यात फाँट सोबत नेता येत नाही, आणि ॲमेझॉन स्वतःच पाठवलेली मोबी आता घेत नाही.

कोबो: ईपब. कोबोचा स्वतःचा केपब हा तिचाच भाऊ.

पॉकेटबुक: ईपब.

बूक्स: हे अँड्रॉइडवर चालतं. ईपब द्या, किंवा दुकानाचं ॲप थेट त्यावरच घाला.

पीडीएफ सगळीकडे उघडते, पण ए४ पान सहा-सात इंचाच्या पडद्यावर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

### कॅलिबरमध्ये रूपांतर, याच क्रमानं

१. वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ ही शैली लावा. नुसता ठळक आणि मोठा अक्षर-आकार चालत नाही. अनुक्रमणिका या शैलीवरूनच बनते.

२. फाइल डॉकएक्स म्हणून साठवा आणि कॅलिबरमध्ये ओढा.

३. मेटाडेटात शीर्षक आणि लेखकाचं नाव देवनागरीत लिहा आणि भाषा ‘मराठी’ करा. ही पायरी फार जण गाळतात. भाषा इंग्रजी राहिली की शब्दकोश आणि ओळी तोडणं बिघडतं.

४. रूपांतराच्या खिडकीत ‘लुक अँड फील’मध्ये फाँट सोबत भरण्याचा पर्याय आहे. तिथे नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता निवडा. दोन्ही फुकट मिळतात, आधी कॉम्प्युटरवर बसवून घ्या.

५. त्याच भागात युनिकोड अक्षरांचं साध्या रोमन अक्षरांत रूपांतर करण्याचा एक पर्याय असतो. तो बंद असल्याची खात्री करा. चुकून चालू राहिला तर अख्खं पुस्तक रोमन लिपीत उतरतं.

६. आउटपुट फॉरमॅट आणि यंत्राचं नाव निवडून ओके करा.

कॅलिबर घालायचं नसेल तर गूगल डॉक्समध्ये वर्ड फाइल उघडून ‘डाउनलोड’मधून ईपब घेता येते. साध्या कथासंग्रहाला ते पुरतं.

तपासणी: रीडरवर पाठवण्याआधी कॅलिबरच्याच वाचन-खिडकीत पुस्तक उघडा. इथे मराठी मोडकी दिसली तर दोष फाइलमध्ये आहे, टप्पा ३ ला परत जा. इथे नीट दिसून रीडरवर बिघडली तर दोष रीडरच्या फाँटचा. हा एक फरक कळला की निम्मा वेळ वाचतो.

## टप्पा ५: रीडरवर पाठवणं

### किंडल, ई-मेलनं

१. ॲमेझॉनच्या खात्यात ‘कंटेंट अँड डिव्हायसेस’च्या प्राधान्यांमध्ये तुमच्या किंडलचा स्वतंत्र ई-मेल पत्ता सापडेल.

२. तिथेच खाली मंजूर पत्त्यांची यादी असते. ज्या पत्त्यावरून पाठवणार तो त्यात घाला. घातला नाही तर फाइल पोचत नाही.

३. ईपब जोडून मेल पाठवा. मेलनं जोडपत्रं ५० एमबीपर्यंत जातात. त्याहून मोठी फाइल असेल तर ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल या वेबपानावरून २०० एमबीपर्यंत पाठवता येते.

४. आता आपला इनबॉक्स बघा. ॲमेझॉन कधी कधी ‘ही फाइल तुम्हीच पाठवली ना?’ असं विचारणारा मेल पाठवतं आणि त्याला ४८ तासांत होकार द्यावा लागतो. तो स्पॅममध्ये पडून राहतो आणि आपण वायफायला दोष देत बसतो.

‘ई९९९’ अशी त्रुटी आली तर ईपबच्या आतली मांडणी ॲमेझॉनला पचलेली नसते. कॅलिबरमध्ये ईपबचं पुन्हा ईपबमध्येच रूपांतर करा आणि पाठवा, बरेचदा चालून जातं. नाहीच गेलं तर केबलनं एझेडडब्ल्यू३.

### किंडल, केबलनं

एझेडडब्ल्यू३ फाइल ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये टाका, किंवा कॅलिबरच्या ‘सेंड टू डिव्हाइस’नं पाठवा. ईपब इथे टाकली तर ती पडून राहते पण ग्रंथालयात दिसत नाही. कोणताही संदेश न देता ती अदृश्य राहते, म्हणून लोक गोंधळतात. पुस्तक उघडल्यावर फाँटच्या यादीत ‘पब्लिशर फाँट’ निवडा, तेव्हाच तुम्ही सोबत भरलेला फाँट लागतो.

### कोबो आणि पॉकेटबुक

केबलनं जोडून ईपब सरळ आत टाका आणि ‘इजेक्ट’ करूनच केबल काढा. कोबोवर मराठीच्या जागी चौकोन दिसले तर मुख्य जागेत ‘फाँट्स’ नावाचं फोल्डर रोमन लिपीत बनवा, त्यात नोटो देवनागरीच्या फाइली टाका आणि वाचताना तो फाँट निवडा.

### ॲडोबीच्या कुलपाचं पुस्तक

१. आधी ॲडोबीचं खातं काढा.

२. ‘डिजिटल एडिशन्स’ पहिल्यांदा उघडल्यावर तो कॉम्प्युटर अधिकृत करायला सांगतो. तिथे खात्याशिवाय पुढे जाण्याचा एक पर्याय असतो. तो निवडू नका. तसं केलं की पुस्तक त्याच कॉम्प्युटरला चिकटतं आणि रीडरवर जात नाही.

३. मग एसीएसएम फाइल उघडा आणि पुस्तक उतरू द्या.

४. कोबो किंवा पॉकेटबुक जोडा, त्याच ॲडोबी खात्यानं तेही अधिकृत करा आणि पुस्तक त्याच्या नावावर ओढा.

‘हे दुसऱ्या वापरकर्त्यानं आधीच उतरवलं आहे’ अशा अर्थाची त्रुटी आली तर तुम्ही एसीएसएम एका खात्यानं उघडली आणि आता दुसऱ्यानं उघडताय. घरात मुलाचं एक खातं आणि वडिलांचं एक असलं की हे होतंच. घरासाठी ॲडोबीचं एकच खातं ठेवा. किंडल या कुलपाचं पुस्तक उघडत नाही, त्यामुळे किंडलवाल्यानं या वाटेला जाऊच नये.

## टप्पा ६: पुस्तक वाचायला बसण्याआधी

पुस्तकाच्या शेवटी एक पान जोडा आणि त्यावर हे शब्द टाका:

कोल्हापूर, रंकाळा, ज्योतिबा, पन्हाळा, दऱ्याखोऱ्या, वऱ्हाड, ॲप, ऑक्टोबर, उद्ध्वस्त, वाङ्मय, राष्ट्रीय, श्रीकृष्ण, क्वचित, आर्द्रता, १२३४५६७८९०

रीडरवर ते पान उघडा. ‘ल्ह’ जोडलेला दिसतो का? ‘द्ध्व’ सुटा पडून मधे हलन्त दिसतोय का? ‘ज्योतिबा’तली वेलांटी ‘त’च्या आधी आली का? यातलं एखादं चुकलं तर आधी फाँट बदलून बघा. त्यानं सुधारलं नाही तर त्या रीडरचा वाचणारा प्रोग्रामच देवनागरीत कच्चा आहे. कोबो आणि पॉकेटबुकवर केओरीडर नावाचा वेगळा वाचणारा प्रोग्राम बसवता येतो, तो जोडाक्षरं नीट जोडतो. थोडं धाडसाचं काम आहे, सूचना पूर्ण वाचून मगच करा.

मग अनुक्रमणिकेतून मधलं एक प्रकरण उघडा, आणि पुस्तकात नक्की असलेला एखादा शब्द शोधून बघा. या दोन्ही गोष्टी चालल्या की फाइल पक्की.

## रीडर अजून घ्यायचाच असेल तर

दुकानात ‘कुठला चांगला?’ विचारण्याआधी आपली पुढच्या वर्षातली पुस्तकं कुठून येणार ते कागदावर लिहा. ॲमेझॉन २०१६ च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तकं विकतं. तिथूनच बहुतेक घेणार असाल तर किंडल घ्या, या लेखातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. विकिस्रोत, स्वतःच्या फाइली आणि मोकळी ईपब यांवर भर असेल तर कोबो किंवा पॉकेटबुक. बुकगंगा, किंडल आणि गूगल या तिन्हींकडे आधीच पैसे घातले असतील तर या चौघांत अँड्रॉइडवर चालणारा बूक्स हाच एक रीडर ही तिन्ही ॲपं एका जागी ठेवू शकतो. मात्र त्याची बॅटरी किंडलएवढी टिकत नाही, आणि ई-इंकच्या पडद्यावर ॲपं जरा अडखळतात. मुख्यतः स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफ वाचायच्या असतील, जसं शिवाजी विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांना लागतं, तर सहा इंची काहीही घेऊ नका. दहा इंचाचा रीडर घ्या, नाहीतर सरळ टॅब. आणि जे पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरात छापील मिळतंय, त्याचं स्कॅन सुधारत बसण्यात काय हशील?

रीडर कुठलाही घ्या, कॉम्प्युटर बदलताना किंवा तो पूर्ण पुसून नव्यानं चालू करताना मात्र एक करा. ‘डिजिटल एडिशन्स’मध्ये जाऊन जुन्या कॉम्प्युटरची अधिकृत नोंद आधी काढून टाका. ॲडोबी एका खात्यावर मोजकेच कॉम्प्युटर आणि रीडर चालवू देतं. न काढलेल्या जुन्या यंत्रांनी ती जागा भरली की नवं यंत्र अधिकृत होत नाही आणि मग ॲडोबीच्या मदत-केंद्राशी बोलावं लागतं.